स्टार्कव्हिलचा संघ राज्याबाहेर कसा गेला : एक प्रकरण अभ्यास

संघ जिंकला तरी पुढे जायचे नाही, हे मुलांना सांगायची वेळ माझ्यावर एकदा आली होती. आमच्या कॉलेजचा बास्केटबॉल संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकून आला आणि पुढच्या फेरीच्या दोन दिवस आधी वरून निरोप आला, नाव मागे घ्या. मुलांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाराही जर्सी धुऊन, घड्या घालून, नंबराप्रमाणे लावून माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. जाता जाता कप्तानाने एवढेच विचारले, "सर, हे ठरवलं कुणी?" मला नाव सांगता आले नाही. लेखी आदेश नव्हता, नियम नव्हता, कुणाची सही नव्हती. असे असते हे सगळ्यांना माहीत होते, इतकेच.

तो प्रश्न डोक्यात घेऊन वाचत गेलो आणि अमेरिकेतल्या मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघापाशी येऊन थांबलो. प्रशिक्षकांच्या शिबिरात मी हे प्रकरण दरवर्षी मांडतो. आमची अडचण त्यांच्यापुढे काहीच नव्हती, पण कप्तानाचा प्रश्न तोच होता. इथे कुलगुरू, प्रशिक्षक, खेळाडू अशा सार्वजनिक नोंदीतल्या माणसांचीच नावे घेतली आहेत. कोर्टात गेलेले दोघे, हुकूम बजावायला आलेले पोलीस आणि विमानतळावर पुढे पाठवलेली राखीव मुले यांची नावे मुद्दाम गाळली आहेत.

पार्श्वभूमी

मिसिसिपी हे अमेरिकेच्या खोल दक्षिणेतले राज्य. स्टार्कव्हिल हे तिथले एक छोटे गाव आणि शेतकी शिक्षणासाठी निघालेले हे विद्यापीठ म्हणजेच त्या गावाचा जीव. खेळ म्हटला की तिथे फुटबॉल. बास्केटबॉलला कुणी फारसे विचारत नसे. १९५५ मध्ये बेब मॅकार्थी नावाचा प्रशिक्षक आला. याच राज्यातल्या बाल्डविन गावचा, शाळेच्या संघांना शिकवलेला आणि तोपर्यंत एका तेल कंपनीत नोकरी करणारा हा माणूस. त्याने चार वर्षांत संघ असा बांधला की साउथ ईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आग्नेयेकडच्या विद्यापीठांच्या साखळी स्पर्धेत, केंटकी विद्यापीठाची जी मक्तेदारी होती, तिला तडा गेला. केंटकीचे प्रशिक्षक अॅडॉल्फ रप म्हणजे त्या खेळातले मोठे प्रस्थ. त्यांच्या नाकावर टिच्चून स्टार्कव्हिलच्या पोरांनी १९५९, १९६१, १९६२ आणि १९६३ अशी पाच वर्षांत चार विजेतेपदे मिळवली. त्यातले १९६२ चे केंटकीबरोबर विभागून होते.

कॉन्फरन्सच्या विजेत्याला एनसीएए या विद्यापीठीय खेळांच्या देशपातळीवरच्या संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण मिळते. पहिल्या तीन खेपांना मिसिसिपी स्टेटने ते नाकारले आणि तिन्ही वेळा त्यांच्याऐवजी केंटकी गेले.

कारण एकच. राष्ट्रीय स्पर्धेत समोरच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू असणार, आणि राज्यातल्या गोऱ्या विद्यापीठांच्या संघांनी अशा संघांशी खेळायचे नाही, ही तिथली रीत होती. १९५६ च्या डिसेंबरमध्ये इव्हान्सव्हिलच्या स्पर्धेत डेन्व्हर विद्यापीठाशी खेळून झाल्यावर त्यांच्या संघात कृष्णवर्णीय मुले आहेत याचा बोभाटा झाला, तेव्हा संघाला स्पर्धा अर्धवट सोडून घरी बोलावून घेतले होते. आता मुद्द्याची गोष्ट : ही रीत कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात नव्हती. विधिमंडळाने ठराव केला नव्हता, राज्यातल्या विद्यापीठांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाने नियम केला नव्हता. तरी ती मोडायची कुणाची छाती होत नव्हती, कारण विद्यापीठाला पैसे देणारे विधिमंडळ तिच्या मागे उभे होते.

मराठी वाचकाला अशी रीत परकी वाटायचे कारण नाही. दलित समाजातले क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांच्या हातून सुटलेला चेंडू संघाला हवा असायचा, पण चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. तेही कुठे लिहिलेले नव्हते.

या रितीची किंमत कुणी मोजली ते बेली हॉवेलच्या उदाहरणातून कळते. १९५९ चा संघ चोवीस सामने जिंकला आणि एकच हरला. हॉवेल त्या संघाचा आधार होता, देशातल्या सर्वोत्तम विद्यापीठीय खेळाडूंत त्याची निवड झालेली होती. पुढे तो बोस्टन सेल्टिक्सकडून एनबीए या व्यावसायिक स्पर्धेची दोन विजेतेपदे जिंकला, हॉल ऑफ फेममध्ये गेला. पण विद्यापीठाकडून राष्ट्रीय स्पर्धेतला एकही सामना त्याच्या नावावर नाही.

अडचण

१९६३ चा संघ शेवटच्या वर्षातल्या तीन मुलांभोवती उभा होता : कप्तान जो डॅन गोल्ड, लेलँड मिचेल आणि रेड स्ट्राउड. तिघांनी १९६१ आणि १९६२ ची विजेतेपदे पाहिली होती आणि दोन्ही वेळा घरी बसून केंटकीला जाताना पाहिले होते. फेब्रुवारीच्या शेवटी ट्युलेन विद्यापीठाला हरवून त्यांनी निदान विभागून तरी विजेतेपद नक्की केले, तेव्हा मॅकार्थी रेडिओवर मोकळेपणाने बोलला. या मुलांना आता गणवेश काढून ठेवायला लागणार, याने जीव तुटतो, असा त्याचा सूर होता. प्रशिक्षकाने जाहीरपणे बोलायची ही पहिली पायरी होती आणि ती त्याने कुलगुरूंच्या आधी चढली.

कुलगुरू होते डीन कोलव्हर्ड. तिथे पदाला अध्यक्ष म्हणतात, पण आपल्या ओळखीचा शब्द कुलगुरू, तोच वापरतो. मूळचे नॉर्थ कॅरोलायनाचे, शेतकी शिक्षणातले जाणकार, १९६० मध्ये इथे आलेले. म्हणजे १९६१ आणि १९६२ चे नकार त्यांच्याच कारकिर्दीतले. हे मी शिबिरात आवर्जून सांगतो, कारण ऐकणारे त्यांना पहिल्या मिनिटापासून वीर करून टाकतात. दोनदा त्यांनी चालत आलेली वाट धरली होती.

तिसऱ्या वेळी परिस्थिती आणखी नाजूक होती. पाचच महिन्यांपूर्वी, १९६२ च्या सप्टेंबरअखेर, जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश देण्यावरून ऑक्सफर्ड गावातल्या मिसिसिपी विद्यापीठात दंगल उसळली होती. दोन माणसे मेली, केंद्राला सैन्य पाठवावे लागले. गव्हर्नर रॉस बार्नेट यांनी मेरेडिथला अडवण्यासाठी आपली सगळी सत्ता पणाला लावली होती आणि हरले होते. आता त्याच राज्यातले दुसरे विद्यापीठ आपला संघ मिश्र संघासमोर उतरवायचे म्हणत होते.

पण त्याच दंगलीतून कोलव्हर्ड यांना एक आडोसाही मिळाला. विद्यापीठांच्या कारभारात राजकारण्यांनी हात घातला म्हणून दक्षिणेतल्या महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने मिसिसिपीला तंबी दिलेली होती. गव्हर्नरने पुन्हा उघड ढवळाढवळ केली तर साऱ्या राज्याच्या पदव्यांची पत जाणार होती. बार्नेट यांनी जाण्याला विरोध जाहीर केला, पण थेट हुकूम काढला नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय नेहमीचा : नकार कळवायचा. त्यात धोका काहीच नाही. नोकरी शाबूत, अनुदान शाबूत, नाराज फक्त बारा-पंधरा पोरे आणि त्यांचा प्रशिक्षक. पोरे जूनमध्ये पदवी घेऊन जाणार, म्हणजे नाराजीही तेवढ्यापुरती. माझ्या अनुभवात संस्था याच हिशेबावर निर्णय घेतात आणि त्याला व्यवहार म्हणतात.

दुसरा पर्याय म्हणजे विद्यापीठांच्या मंडळाकडे किंवा गव्हर्नरकडे परवानगी मागायची. हा सभ्य दिसतो, फाइलवर शोभतो. पण परवानगी मागितली की नाही म्हणायचा अधिकार तुम्हीच समोरच्याला दिलात. जो नियम अस्तित्वातच नव्हता, तो त्या उत्तरात जन्माला आला असता आणि या खेपेस लेखी.

तिसरा, थांबून बघायचे. कॉन्फरन्सचा विजेता म्हणून मिसिसिपी स्टेटला पहिल्या फेरीत पुढे चाल होती. समोर शिकागोचे लोयोला विद्यापीठ येणार की टेनेसी टेक, हे ११ मार्चला ठरायचे होते. लोयोलाच्या पहिल्या पाचांत चार कृष्णवर्णीय होते. ते हरले असते तर प्रश्न थोडा सौम्य झाला असता. मात्र हा पर्याय धरणे म्हणजे आपला निर्णय दुसऱ्याच्या सामन्यावर टाकणे. शिवाय त्या रात्री लोयोलाने टेनेसी टेकला १११–४२ असे लोळवले, म्हणजे थांबणाऱ्याच्या हाती काही लागलेही नसते.

चौथा पर्याय स्वतः ठरवायचे आणि जाहीर सांगायचे.

मुलांना मैदानात उतरवायचे पण समोरच्या खेळाडूंविषयी शब्द बोलायचा नाही, की राज्याच्या रितीलाच चूक म्हणायचे, हा प्रश्न या चौथ्या पर्यायाच्या पोटात होता. तो तेव्हा कुणी मोठ्याने विचारलेला दिसत नाही. त्याकडे शेवटी येतो.

निर्णय

२ मार्च १९६३ ला संघाने मिसिसिपी विद्यापीठाला, म्हणजे राज्यातल्याच कट्टर प्रतिस्पर्ध्याला, त्यांच्या मैदानावर हरवले आणि विजेतेपद एकट्याचे केले. त्याच दिवशी कोलव्हर्ड यांचे निवेदन बाहेर पडले. त्याचा गाभा असा : सक्षम अधिकाऱ्याने अडवले नाही तर मी संघ पाठवणार आहे.

या वाक्याची बांधणी नीट पाहावी. त्यात परवानगी मागितलेली नाही आणि आव्हानही दिलेले नाही. मी करतो आहे, थांबवायचे असेल तर ज्याला अधिकार आहे त्याने पुढे यावे आणि आपल्या नावाने थांबवावे. तोपर्यंत अलिखित नियमाचा सगळा जोर कुणी बोलत नाही यातच होता. आता बोलायची पाळी विरोधकांवर आली. आमच्या कप्तानाच्या प्रश्नाचे उत्तर कोलव्हर्ड यांनी स्वतःच्या सहीने दिले होते : हे मी ठरवले. उलटे ठरवायचे असेल त्याने तशीच सही करावी.

पुढचा आठवडा पत्रांचा आणि वर्तमानपत्रांचा होता. राजधानी जॅक्सनमधल्या एका दैनिकाने लोयोलाच्या कृष्णवर्णीय खेळाडूंचा फोटो छापला आणि तो कापून मंडळाच्या सदस्यांना पाठवा असे वाचकांना सुचवले. दुसरीकडे विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी मोठ्या संख्येने संघाच्या बाजूने उभे राहिले. त्यांतले बरेचसे वंशभेदाविरुद्ध होते असे समजायचे कारण नाही. आपला संघ चौथ्यांदा घरी बसतो, हे त्यांना सोसत नव्हते. बदलाची बाजू घेणारे सगळे एकाच कारणाने येत नाहीत. ज्याच्या हाती निर्णय आहे त्याने हे ओळखून असावे.

९ मार्चला मंडळाची खास बैठक झाली. मतदान ८ विरुद्ध ३, कोलव्हर्ड यांच्या बाजूने. ज्यांना अधिकार होता त्यांना नाव-गाव लावून मत द्यावे लागले आणि बहुतेकांनी अडवले नाही.

१३ आणि १४ मार्च

वाटले, आता झाले. पण १३ मार्चला, संघ निघायच्या आदल्या दिवशी, राज्याच्या सिनेटचा एक विद्यमान आणि एक माजी सदस्य कोर्टात गेले आणि संघाने राज्याबाहेर जाऊ नये असा मनाई हुकूम घेऊन आले. हुकूम बजावला गेला की खेळ संपला. बजावण्यासाठी माणूस हाताला लागायला हवा.

मग जे झाले ते विद्यापीठाच्या इतिहासात एरवी घडत नाही. कुलगुरू राज्याची हद्द ओलांडून अलाबामातल्या बर्मिंगहॅमला गेले. मॅकार्थी आणि क्रीडा संचालक रात्रीच मोटारीने टेनेसीतल्या मेम्फिसला आणि तिथून नॅशव्हिलला पोहोचले. हुकूम घेऊन आलेल्या पोलिसांना ज्यांच्या हाती तो द्यायचा, ती माणसे गावातच नव्हती. मुलांना वसतिगृहातच थांबायला सांगितले होते.

१४ तारखेला सकाळी सहायक प्रशिक्षक आणि ट्रेनर यांच्या भरवशावर सगळे होते. त्यांनी आधी राखीव खेळाडूंना विमानतळावर पाठवले. पोलिसांनी अडवले तर यांना अडवतील, मुख्य संघ दुसऱ्या वाटेने निघेल, असा बेत. या राखीव मुलांची मला नेहमी आठवण येते. सामन्यात मिनिटभर उतरायची खात्री नाही आणि अटकेच्या तोंडी मात्र पहिला नंबर. विमानतळावर कुणीच अडवायला नव्हते. निरोप गेला, मुख्य खेळाडू आले, सगळे विमानात बसले आणि विमान उडाले. नॅशव्हिलला प्रशिक्षक चढले आणि संघ मिशिगनमधल्या ईस्ट लान्सिंगला पोहोचला. त्याच दिवशी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी मनाई हुकूम उठवला. तोवर संघ हद्दीबाहेर गेलेला होता.

हे पळून जाणे होते का? शिबिरात यावर दरवर्षी वाद होतो. एक तरुण प्रशिक्षिका एकदा म्हणाली, की न्यायालयाचा हुकूम चुकवणारा कुलगुरू मुलांना काय शिकवतो? प्रश्न रास्त आहे. माझे मत असे की मंडळाने बहुमताने मान्य केलेला निर्णय दोन माणसांनी शेवटच्या रात्री एकतर्फी हुकूम आणून उलटवायचा, हा डाव होता. वरच्या न्यायालयात जायला वेळ मिळावा इतकेच त्या रात्रीच्या हालचालींनी साधले. तरीही कोलव्हर्ड गावातच थांबून, वकिलामार्फत त्याच संध्याकाळी अपिलात गेले असते तर ते अधिक शोभले असते, हेही मला मान्य आहे. विमान चुकले असते की नाही, यावर पैज लावायला मात्र मी तयार नाही.

सामना

१५ मार्च, मिशिगन स्टेट विद्यापीठाचे जेनिसन फील्ड हाउस. लोयोलाचे प्रशिक्षक जॉर्ज आयर्लंड. एकाच वेळी किती कृष्णवर्णीय खेळाडू उतरवायचे याचाही एक अलिखित आकडा त्या काळी प्रशिक्षक पाळत. आयर्लंड यांनी तो बाजूला ठेवला होता. आदल्या डिसेंबरमध्ये वायोमिंगविरुद्ध त्यांचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय होते. कप्तान जेरी हार्कनेस न्यू यॉर्कचा. त्याला वसतिगृहाच्या पत्त्यावर धमक्यांची पत्रे येत होती. उंचापुरा लेस हंटर आणि व्हिक राउस हे दोघे नॅशव्हिलच्या पर्ल हायस्कूलचे. मिसिसिपीचे विमान प्रशिक्षकांना घ्यायला जिथे थांबले, ते या दोघांचे गाव. घराजवळचे व्हँडरबिल्ट विद्यापीठ साउथ ईस्टर्न कॉन्फरन्समध्ये होते आणि त्या कॉन्फरन्समध्ये एकाही संघात कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, म्हणून ही मुले शिकागोला गेली होती.

सामन्याआधी दोन्ही कप्तान मध्यभागी आले. गोल्डने हात पुढे केला, हार्कनेसने तो हातात घेतला, आणि चहूकडून फ्लॅशबल्बचा इतका लखलखाट झाला की हार्कनेस पुढे म्हणत असे, हा सामना साधा नाही हे मला त्या क्षणी उमगले. त्या फोटोत दोघांचे चेहरे तरुण आहेत, बाविशीच्या आसपासचे. एक गोरा हात आणि एक काळा हात.

मग खेळ. मिसिसिपीने पहिले सात गुण केले आणि लोयोलाला बास्केट मिळेना. त्या काळी विद्यापीठीय खेळात शॉट क्लॉक नव्हता. चेंडू हवा तितका वेळ फिरवता यायचा आणि मॅकार्थीचा संघ सावकाश, पक्की संधी बघूनच फेकणारा. लोयोला म्हणजे त्या मोसमात देशात सर्वाधिक सरासरीने गुण करणारा संघ. त्यांना ६१ गुणांवर रोखले, यातच मिसिसिपीच्या बचावाची कमाई दिसते. पण रिबाउंडला, म्हणजे हुकलेला चेंडू पकडण्यात, लोयोलाची उंची आणि उडी भारी पडली. उत्तरार्धात मिचेल पाच फाउल होऊन बाहेर गेला आणि मिसिसिपीचा कणा मोडला. अंतिम गुण ६१–५१. धक्काबुक्की नाही, शिवीगाळ नाही. चांगला, चुरशीचा सामना.

दुसऱ्या दिवशी विभागीय तिसऱ्या स्थानासाठी मिसिसिपीने नेट थर्मंडच्या बोलिंग ग्रीनला ६५–६० असे हरवले. लोयोला पुढे इलिनॉय, मग ड्यूक यांना हरवत लुइव्हिलला अंतिम सामन्यात पोहोचले. २३ मार्चला, सलग दोन वर्षे विजेत्या असलेल्या सिनसिनाटीविरुद्ध उत्तरार्धात पंधरा गुणांनी मागे पडूनही त्यांनी जादा वेळेत ६०–५८ असे विजेतेपद घेतले. शेवटच्या क्षणी चेंडू आत ढकलणारा राउस. पाचही खेळाडू पूर्ण वेळ खेळले, एकही बदली नाही.

निष्पत्ती

संघ घरी आला तेव्हा विमानतळावर लोक स्वागताला जमले होते. अनुदान बंद झाले नाही, कुलगुरूंची नोकरी गेली नाही. ज्या संकटाच्या भीतीने तीन वेळा नकार गेला होता, ते आलेच नाही. यावरून भीती खोटी होती असे मी म्हणत नाही. तीन महिन्यांनी, १२ जूनला, त्याच राज्यात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे मेडगर एव्हर्स यांना त्यांच्या घराच्या दारात गोळी घातली गेली. रीत पाळण्यासाठी माणसे मारणारे राज्य होते ते.

१९६५ मध्ये रिचर्ड होम्स हा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी मिसिसिपी स्टेटमध्ये दाखल झाला. दंगल झाली नाही. कुलगुरू कोलव्हर्डच होते. संघाचे मात्र दिवस फिरले. १९६५ मध्ये मॅकार्थी विद्यापीठ सोडून गेला, कप्तान गोल्ड प्रशिक्षक झाला, पण राष्ट्रीय स्पर्धेत पुन्हा पाऊल ठेवायला विद्यापीठाला १९९१ उजाडावे लागले. सुवर्णकाळातल्या चार विजेतेपदांपैकी एकदाच स्पर्धेला जायला मिळाले. राहिलेली तीन वर्षे कुणाला परत मिळालेली नाहीत.

दोन्ही कप्तान पुढे मित्र झाले. २०११ मध्ये गोल्ड वारला. हार्कनेस अंत्यविधीला गेला, तेव्हा शवपेटीशेजारी त्या हस्तांदोलनाचा फोटो ठेवलेला होता.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट काळाची. १९६३ मध्ये जे कायदेशीर होते ते १९६१ मध्येही होते आणि १९५९ मध्येही. आधी कुणी विचारलेच नाही की हा नियम कुठे लिहिला आहे. माझ्या मते प्रकरणातला खरा निर्णयाचा टप्पा इथे आहे आणि तो तीनदा हुकला. कोलव्हर्ड नवे होते, १९६१ मध्ये त्यांना येऊन वर्षही झाले नव्हते, हे समजून घेता येते. १९६२ साठी तेवढी सवलत देता येत नाही.

दुसरी, निवेदनाच्या भाषेची. संघ पाठवण्याचे कारण काय दिले गेले? या मुलांनी मेहनत केली आहे, त्यांना तिचे फळ मिळावे. खरे आहे आणि त्या हवेत हेच कारण टिकणारे होते. पण त्या वाक्यात हार्कनेस, हंटर, राउस आणि लोयोलाचा चौथा कृष्णवर्णीय खेळाडू मिलर कुठेच नाहीत. त्यांच्याशी खेळणे म्हणजे आपल्या मुलांच्या हक्कासाठी सोसायची एक अडचण, असाच त्याचा अर्थ निघतो. व्यवहाराने निवडलेले कारण निर्णय पार पाडते, पण पुढच्या निर्णयाला बळ देत नाही. पर्याय तोलताना कृष्णवर्णीय माणसाचे मत कुणी विचारले, असे या साऱ्या प्रकरणात दिसत नाही.

तिसरी गोष्ट त्यातूनच येते. हस्तांदोलनानंतर त्या संघाने आपले दार उघडायला हवे होते. राज्यभर कृष्णवर्णीय शाळांमध्ये उत्तम मुले खेळत होती. मिसिसिपी स्टेटच्या बास्केटबॉल संघात पहिले कृष्णवर्णीय खेळाडू दिसले ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, ईस्ट लान्सिंगनंतर आठ-नऊ वर्षांनी.

मधल्या काळातला एक दिवस मी शिबिरात सगळ्यात शेवटी सांगतो. फेब्रुवारी १९६७. व्हँडरबिल्टचा पहिल्या वर्षाच्या मुलांचा संघ स्टार्कव्हिलला खेळायला आला. त्यात दोन कृष्णवर्णीय मुले होती, पेरी वॉलेस आणि गॉडफ्रे डिलार्ड. प्रेक्षकांनी त्यांना जे ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाही. मध्यंतरात दोघे ड्रेसिंग रूममध्ये बाकावर एकमेकांचा हात घट्ट धरून बसले होते. हात गार पडले होते आणि अजून अर्धा सामना खेळायचा होता. वॉलेस नॅशव्हिलच्या पर्ल हायस्कूलचा होता, हंटर आणि राउस यांच्याच शाळेचा. मध्यंतर संपल्यावर तो उठला आणि कोर्टवर गेला.